नामदार गोपाळ कृष्ण गोखले आणि सरकारचा जमाखर्च

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सरकारचे अंदाजपत्रक जाहीर होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत आकड्यांचे रकानेच्या रकाने भरून येतात. आपण काय स्वस्त झाले आणि काय महागले एवढे पाहतो व वृत्तपत्र घडी करून ठेवतो. आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक सभेतही याहून निराळे घडत नाही. चिटणीस हिशेब वाचू लागतात, तोच मागील रांगांतून मंजूर, मंजूर असा पुकारा होतो आणि मंडळींचे लक्ष भोजनाच्या पंक्तीकडे वळते. जमाखर्च हा जाणकारांचा विषय, आपणांस त्यात काय कळणार, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती चुकीची आहे हे ज्यांनी आपल्या आयुष्याने दाखविले, त्या नामदार गोखल्यांचे चरित्र या दृष्टीने सांगावे असे योजिले आहे.

ज्या ज्ञातीची ही स्मरणिका, त्याच ज्ञातीतील एका गरीब कुटुंबात गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात लहानशा नोकरीवर होते. १८७९ मध्ये ते निवर्तले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली व त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवू लागले. पंधरांतून आठ गेल्यावर उरलेल्या सात रुपयांत घर कसे चालत असेल, हे वाचकांनीच मनाशी आणावे. हे आठ रुपये पुरवून वापरताना गोपाळने स्वतः स्वयंपाक केला आणि दिव्याच्या तेलाचा खर्च वाचावा म्हणून रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास केला. प्रत्येक पैसा कोणाच्या तरी पोटातून येतो, हा धडा त्यांस पुस्तकातून शिकावा लागला नाही.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज व मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले व लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बनले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र असे नानाविध विषय शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ वर्षे शाळाशाळांतून चालत होते. १९०२ मध्ये ते दरमहा तीस रुपयांच्या निवृत्तिवेतनावर कॉलेजातून बाहेर पडले.

त्यांचे खरे शिक्षण मात्र न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या घरी झाले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम रानड्यांनी या तरुणाकडे सोपविले. सरकारी अहवाल मागवावयाचे, त्यातील आकडे तपासावयाचे, मागील दहापंधरा वर्षांच्या आकड्यांशी ते ताडून पाहावयाचे आणि मग लिहावयाचे, अशी तेथली शिस्त होती. एकेक मजकूर पुन्हा पुन्हा लिहून आणावा लागे. याच मंडळात रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी होते. सरकारी शाळेतील हे हेडमास्तर फुरसतीचा वेळ सरकारी अहवालांच्या अभ्यासात घालवीत. जमीनमहसूल, लष्करी खर्च, रेल्वे, विनिमयाचा दर यांविषयी त्यांच्याइतका माहितगार मनुष्य त्या काळी विरळा. पुढे गोपाळरावांची अंदाजपत्रकावरील भाषणे देशभर गाजली. त्यांच्या आकड्यांमागे जोशांचे श्रम होते आणि त्याविषयी गोपाळरावांस कृतज्ञता वाटे.

१८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोपाळराव विलायतेस गेले. वय अवघे तीस-एकतीस. वाटेत फ्रान्समध्ये कॅले येथे अपघात होऊन छातीस दुखापत झाली, तरीही त्यांची साक्ष उत्तम झाली. उलटतपासणीत अनुभवी ब्रिटिश अधिकाऱ्यांस त्यांनी आकड्यांनी उत्तरे दिली. परंतु त्याच मुक्कामात त्यांच्या हातून एक चूक घडली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सोजिरांच्या अत्याचारांविषयी त्यांस पत्रांतून वार्ता कळल्या होत्या. त्या त्यांनी विलायतेत जाहीरपणे सांगितल्या. स्वदेशी परतल्यावर सरकारने पुरावा मागितला, तेव्हा पत्रे लिहिणारांस पुढे आणणे अशक्य झाले. गोपाळरावांनी विनाशर्त माफी मागितली. सरकारपक्षाने त्यांची हेटाळणी केली आणि स्वकीयांनी त्यांस भित्रे ठरविले. सार्वजनिक आयुष्य संपले असे त्यांस वाटले असेल तर नवल नाही. तथापि ते खचले नाहीत. पुढील सर्व आयुष्यात पुराव्यावाचून एकही विधान करावयाचे नाही, हा त्यांचा बाणा दिसतो, तो या कडू अनुभवाने अधिकच पक्का झाला असला पाहिजे.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात निवडून गेले. फिरोजशहा मेहतांनी मोकळ्या केलेल्या जागेवर १९०१ मध्ये त्यांची कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात निवड झाली. त्या मंडळाचे स्वरूप येथे सांगितले पाहिजे, नाहीतर गोपाळरावांच्या कामाची किंमत कळणार नाही. १८९२ च्या कायद्याने सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली होती, परंतु मत देण्याचा अधिकार नव्हता. एका रकमेत एका पैचीही कपात सुचविता येत नसे. वर्षातून एकदा मार्चअखेर चर्चा होई, व त्यापूर्वीच सर्व काही ठरून गेलेले असे. सरकारी सभासदांचे बहुमत तर कायमचेच. अशा ठिकाणी बोलण्याचा उपयोग काय, असे कोणासही वाटावे.

२६ मार्च १९०२ रोजी गोपाळरावांनी आपले पहिले अंदाजपत्रकी भाषण केले. त्या वर्षी सरकारच्या तिजोरीत सात कोटींहून अधिक रुपयांची शिल्लक पडली होती. अर्थसचिवांनी ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून सांगितली व इतर सभासदांनी त्यांचे अभिनंदन केले. अभिनंदनात सामील न होणारे गोपाळरावच. त्यांनी साधा प्रश्न केला: नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला, प्लेगने घरे ओस पडली, मग ही शिल्लक आली कोठून?

त्याचे उत्तर त्यांनीच विनिमयाच्या हिशेबाने दिले. हिंदुस्थान सरकारला विलायतेत पेन्शनी, व्याज, सामान यांसाठी दरवर्षी मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. चांदीचा भाव घसरून १८९४-९५ च्या सुमारास रुपया सुमारे तेरा पेन्सांवर आला, म्हणजे एका पौंडासाठी साडेअठराच्या आसपास रुपये मोजावे लागू लागले. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने एकामागून एक कर वाढविले होते. १८८६ मध्ये प्राप्तीवरील कर बसविला, १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्यावर रुपया चढत जाऊन सोळा पेन्सांवर स्थिर झाला, तेव्हा पौंडास पंधराच रुपये पुरू लागले. गरज कमी झाली, पण कर तसेच राहिले. शिल्लक पडली ती यामुळे. ती भरभराट नसून लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेला पैसा होता. शिवाय वर्षारंभी उत्पन्नाचा अंदाज कमी धरावयाचा आणि वर्षअखेर शिल्लक दाखवावयाची, ही रीतही त्यांनी उघडी केली.

मिठाच्या कराविषयी त्यांचे म्हणणे सर्वांस समजण्याजोगे होते. मिठाच्या मूळ किमतीच्या कित्येक पट कर त्यावर होता. श्रीमंतास त्याची झळ लागत नाही, पण मजुराच्या भाकरीवर तो बसतो. १८८२ मध्ये कर उतरविला तेव्हा मिठाचा खप वाढला व १८८८ मध्ये चढविल्यावर वाढ खुंटली, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. सरकारचे आकडे सरकारच्याच पदरात घालणे, ही त्यांची हातोटी होती. म्हणून त्यांस खोटे पाडणे कोणास शक्य झाले नाही.

फळ लगेच मिळाले नाही, पण मिळाले. १९०३ मध्ये मिठावरील कर दोन रुपये झाला आणि प्राप्तीवरील कराची माफीची मर्यादा पाचशेवरून एक हजार रुपयांवर गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे सर्व एका गोखल्यांनीच घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. राष्ट्रीय सभेने ही मागणी वर्षानुवर्षे केली होती व तिजोरीत पैसाही होता. परंतु मताचा अधिकार नसलेल्या सभागृहात दरवर्षी त्याच मागणीस नव्या आकड्यांची जोड देऊन, ती नाकारणे सरकारला अवघड करून ठेवणारा मनुष्य तेथे होता, हे विसरून चालणार नाही.

या मार्गावर टीका झाली व ती सर्वस्वी निराधार नव्हती. लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे म्हणणे असे की, हाती सत्ता नसता हिशेब तपासून काय साधणार? दोघांतील मतभेद तीव्र होते, त्यामुळे मने दुखावली. मात्र गोपाळरावांच्या निधनानंतर लोकमान्य स्मशानात गेले व त्यांच्या देशसेवेचा त्यांनी गौरव केला. आज मागे वळून पाहता, सत्ता मागणारेही हवे होते आणि ती हाती आल्यावर हिशेब कसा विचारावा हे शिकविणारेही हवे होते, असे वाटते.

१९०९ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर ठराव आणण्याची सवलत मिळाली. तिचा उपयोग करून १९१० मध्ये गोपाळरावांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला व १९११ मध्ये त्याचे विधेयक आणले. शिल्लक पैसा लष्कराकडे न जाता शाळांकडे जावा, असा त्यांचा आग्रह होता. खर्चाचा वाटा सरकारने किती व नगरपालिकांनी किती उचलावा, याचाही हिशेब त्यांनी मांडला. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. पराभव होणार हे त्यांस ठाऊक होते. परंतु १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि २००२ च्या घटनादुरुस्तीने व २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क मिळाला, तेव्हा त्या तेरा मतांचे मोल कळले.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. जातिधर्माचा भेद न करता सर्व हिंदी लोकांस बंधू मानण्याची शपथ त्याच्या सभासदांस घ्यावी लागे. १९०३ मध्ये धारवाड येथे त्यांनी अस्पृश्य मानलेल्या वर्गांवरील अन्यायाविरुद्ध निर्भीड भाषण केले. ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांचा अभिमान मिरविताना हे आपण विसरू नये. ज्या पैशाचा हिशेब त्यांनी मागितला, तो एका ज्ञातीचा नव्हता. अतिश्रमाने प्रकृती ढासळत गेली आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्यास त्यांचे निधन झाले. मिठावरील कर पूर्णपणे उठण्यास १९४७ साल उजाडावे लागले.

आपली स्थिती गोपाळरावांहून पुष्कळ बरी आहे. आता लोकप्रतिनिधींच्या मंजुरीवाचून सरकारला पैसा खर्च करता येत नाही. अंदाजपत्रक कोणासही वाचावयास मिळते. महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढे येतात. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने साध्या अर्जावर खर्चाची कागदपत्रे मागता येतात. खेड्यात पंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. पुण्यात तर २००६ पासून पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी प्रभागातील कामे नागरिकांकडून मागविण्याची प्रथा महानगरपालिकेने सुरू केली. दारे उघडी आहेत, आत जाणारे मात्र थोडे.

कोठून आरंभ करावा असे कोणी विचारील, तर गोपाळरावांची रीत पुरेशी आहे. अंदाजपत्रकात एकाच बाबीसमोर तीन तऱ्हेचे आकडे असतात: मागील वर्षी प्रत्यक्ष काय झाले, चालू वर्षाचा सुधारलेला अंदाज काय, व पुढील वर्षासाठी काय धरले आहे. ते ओळीने पाहावे. आपल्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, रस्त्यासाठी धरलेली रक्कम खरोखर खर्ची पडली की नाही, हे त्यावरून कळते. मग विचारावे की, पैसा कोणाच्या खिशातून आला? धरला तेवढा का खर्चला नाही? उरला तो कोणाकडे गेला? यास पदवी लागत नाही. घरखर्चाची वही सांभाळणाऱ्या आपल्या घरातील गृहिणी हे प्रश्न रोज विचारीत असतात.

आणि हा अभ्यास दूरच्या तिजोरीपासून न करता घरापासून करावा. येत्या वार्षिक सभेत चिटणीस संघाचा हिशेब वाचू लागतील, तेव्हा प्रत्येक कुटुंबातील एकाने तरी तो हाती घेऊन एखादा प्रश्न विचारावा. चिटणिसांनी राग मानू नये. भोजनास घटकाभर उशीर झाला तरी चालेल.