विश्लेषण : ट्रॅक्टरची ‘लिफ्ट’ आली कुठून? हस्तांदोलनावर विसंबलेल्या हॅरी फर्ग्युसन यांची गोष्ट

द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर असो की उसाच्या रानातला मोठा, सीटशेजारचा लिव्हर ओढला की मागचे अवजार उचलले जाते. उचलले नाही, तर काम थांबते आणि मेकॅनिकला फोन जातो. या व्यवस्थेमागे आयर्लंडमधील एका शेतकऱ्याच्या मुलाची अनेक वर्षांची खटपट आहे. ती उभी राहिली एका जीवघेण्या अडचणीतून.

हॅरी फर्ग्युसन कोण होते?

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या काउंटी डाउनमधील ड्रोमोरजवळच्या ग्रोवेल या गावी झाला. शेतीच्या कष्टांत त्यांचे मन रमले नाही. १९०२ मध्ये ते बेलफास्टला भावाच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या धंद्यात शिरले. यंत्राचे वेड इतके की त्यांनी स्वतः विमान बांधले आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे सुमारे १२० मीटर उडवून दाखवले. आयर्लंडमधील हे पहिले इंजिनाचे विमानोड्डाण मानले जाते. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचा मोटारविक्रीचा व्यवसाय थाटला.

शेतीकडे ते परत कसे वळले?

पहिल्या महायुद्धात धान्य वाढवण्याची निकड निर्माण झाली. १९१७ मध्ये आयर्लंडमधील ट्रॅक्टरचे काम सुधारण्याची जबाबदारी फर्ग्युसन यांच्याकडे आली. सहकारी विली सँड्स यांच्यासह गावोगावी फिरताना मूळ दोष त्यांच्या लक्षात आला. त्या काळी नांगर बैलामागे जोडावा तसा साखळीने ट्रॅक्टरमागे ओढला जाई. तो दगडात किंवा मुळात अडकला की ट्रॅक्टर पुढे जाऊ शकत नसे, पण इंजिन जोर लावतच राही. मग ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि तो मागे, थेट चालकावर उलटे. अशा अपघातांत माणसे दगावत होती.

त्यांनी नेमका काय उपाय काढला?

ट्रॅक्टर आणि अवजार ही दोन वेगळी यंत्रे न मानता एकच यंत्र मानायचे, हा फर्ग्युसन यांचा विचार. खाली दोन लिंक आणि वर एक टॉप लिंक अशा तीन ठिकाणी अवजार जोडले जाते. जमीन कठीण लागली की नांगरावरचा ताण वाढतो. टॉप लिंकमधून तो दाब हायड्रॉलिक व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो आणि नांगर किंचित वर येतो. ताण कमी झाला की तो पुन्हा खाली जातो. टॉप लिंकचा दाब ट्रॅक्टरचे तोंड खाली धरतो, तर नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला. १९२६ मध्ये या तत्त्वाचे पेटंट मिळाले. आज आपल्याकडे ‘ड्राफ्ट कंट्रोल’ म्हणतात, ते हेच.

फोर्ड यांच्याशी वाद काय होता?

१९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात फर्ग्युसन ट्रॅक्टर बनू लागला, पण खप बेताचाच राहिला. १९३८ मध्ये फर्ग्युसन तो ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्याकडे गेले. प्रात्यक्षिक पाहून फोर्ड प्रभावित झाले. ट्रॅक्टर फोर्ड यांनी बनवायचा, विक्री फर्ग्युसन यांनी करायची, असे ठरले. करार कागदावर झालाच नाही, फक्त हस्तांदोलन झाले. १९३९ मध्ये बाजारात आलेला हा ट्रॅक्टर आणि त्याची पुढची आवृत्ती मिळून तीन लाखांच्या घरात बनले.

फोर्ड यांच्या नातवाने सूत्रे हाती घेतल्यावर १९४७ मध्ये हा व्यवहार संपला. कंपनीने त्याच रचनेचा नवा ट्रॅक्टर काढला आणि फर्ग्युसन यांची अमेरिकेतील विक्रीव्यवस्था कोलमडली. त्यांनी २५ कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा दावा ठोकला. १९५२ मध्ये तडजोड झाली ती ९२.५ लाख डॉलरवर.

मग ते सावरले का?

हो. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ पासून बनू लागलेला त्यांचा राखाडी रंगाचा ‘टीई-२०’ पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये याच जातीच्या ट्रॅक्टरवरून दक्षिण ध्रुवावर पोहोचले. त्याआधी, १९५३ मध्ये फर्ग्युसन यांनी आपला व्यवसाय मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. दहा लाख डॉलरचा फरक मिटवण्यासाठी तेव्हा नाणे उडवले गेले, त्यात ते हरले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी चेन्नईत स्थापन झालेल्या ‘टॅफे’ने पुढे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात घरोघरी पोहोचवले.

आज लिफ्ट बिघडली तर आधी काय पाहावे?

लिफ्ट उचलत नसेल किंवा झटके देत असेल, तर आधी तेलाची पातळी आणि फिल्टर तपासावा. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. थंड असताना उचलते, पण तापल्यावर दम टाकते, अशा वेळी पंपाच्या झिजेचा संशय घ्यावा. उचललेले अवजार इंजिन बंद करताच भराभर खाली येत असेल, तर पिस्टनचे सील किंवा व्हॉल्व्ह गळत असू शकतो. फवारणी पंपासारख्या, जमिनीत न जाणाऱ्या अवजारासाठी पोझिशन कंट्रोलचा लिव्हर वापरावा. ड्राफ्टवर ठेवल्यास लिफ्ट बिघडल्यासारखी वागते. तपासणीपूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, उचललेल्या अवजाराखाली जाऊ नये.

आणि अडकलेली गाडी ओढताना साखळी टॉप लिंकच्या जागी कधीही बांधू नये. ओढ इतक्या उंचावरून लागली, की ट्रॅक्टर आजही मागे उलटतो. फर्ग्युसन यांनी जो धोका टाळण्यासाठी आयुष्य वेचले, तोच एका चुकीच्या गाठीने परत येतो.