मेजर ध्यानचंद

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादला झाला. १९२२ मध्ये ते शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ते भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. स्पर्धेपूर्वी सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. संघातील उणीव ओळखून भारतातून दारा यांना बोलावून घेतले गेले. अंतिम सामना पुन्हा जर्मनीशीच होता. मैदान ओले होते. मध्यंतरापर्यंत एकच गोल झाला. मग ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले. चेंडूबरोबरच मोकळ्या जोडीदारावरही त्यांची नजर असे. भारत ८-१ ने जिंकला. १९५६ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले.

सामना हरलो की आम्ही कॅडेट एकमेकांना दोष देतो. त्यांनी हरल्यावर संघ सावरला.