विठ्ठलदास ठाकरसी

सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी (३० नोव्हेंबर १८७३ – १२ ऑगस्ट १९२२) हे मुंबईतील कापड गिरणीमालक, सहकारी चळवळीचे एक आद्य पुरस्कर्ते व केंद्रीय विधिमंडळाचे सभासद होते. महाराष्ट्रात त्यांचे आडनाव आज मुख्यत्वे एका विद्यापीठामुळे परिचित आहे. मात्र त्या विद्यापीठाला नाव आहे ते त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे.

मुंबईतील एका गुजराती भाटिया व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्या गिरण्यांचा कारभार सांभाळत असतानाच ते सार्वजनिक जीवनात आले. मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, १९०८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि पुढे ते केंद्रीय विधिमंडळात गेले. गिरणीमालकाला राजकारणाकडे वळण्यास त्या काळी सबळ कारण होते. लँकेशायरहून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आयातकर होता. तेथील कारखानदारांची तक्रार राहू नये म्हणून १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढीच जकात बसविण्यात आली. ठाकरसी या जकातीचे विरोधक होते. ती रद्द झाली १९२६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

शेतकऱ्याला सावकाराच्या व्याजातून सोडवायचे तर गावच्या पतपेढ्यांना भांडवल पुरविणारी मोठी बँक हवी, हे त्यांनी व लल्लुभाई सामळदास यांनी ओळखले. दोघांच्या पुढाकाराने १९११ साली बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच. गिरणीमालकाच्या हातून झालेले हे काम फारसे कोणाला ठाऊक नसते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते आणि सरकारची मान्यता नव्हती, त्यामुळे तेथील पदवीला बाहेर किंमत मिळणे अवघड होते. जपानमधील महिला विद्यापीठ पाहून आलेल्या ठाकरसींनी १९२० साली अशा संस्थेला १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. दरसाल मिळावयाचे ५२,५०० रुपये म्हणजे या रकमेचे साडेतीन टक्क्यांचे व्याज. विद्यापीठाला नाथीबाईंचे नाव देण्यात आले आणि ते 'एस.एन.डी.टी.' या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या ४८ व्या वर्षी, ठाकरसी यांचे निधन झाले. विद्यापीठाचे मुख्यालय १९३६ साली पुण्याहून मुंबईस आले आणि कायदेशीर मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडले. तेव्हा कुलगुरुपदी आल्या त्यांच्या पत्नी प्रेमलीला ठाकरसी. पुण्यातील त्यांच्या 'पर्णकुटी' या निवासस्थानी महात्मा गांधींनी १९३३ सालचा एकवीस दिवसांचा उपवास पूर्ण केला होता.