पाखरांचे आश्रयदाते चार्ल्स वॉटर्टन

हिवाळ्यात आपल्या बुरोंडीच्या किनाऱ्यावर चिलटे टिपीत गिरक्या घेणाऱ्या भिंगऱ्या तुम्ही पाहिल्याच असतील. त्यांच्याच कुळातील एक चिमुकली तपकिरी पाकोळी विलायतेत नदीच्या रेताड दरडीत बीळ कोरून अंडी घालते. दरड ढासळली की ती बेघर होते. अशा पाखरांसाठी पदरमोड करून घरे बांधणारे गृहस्थ म्हणजे चार्ल्स वॉटर्टन.

त्यांचा जन्म 3 जून 1782 रोजी यॉर्कशायरमधील वॉल्टन हॉल येथे जमीनदार घराण्यात झाला. स्टोनीहर्स्टच्या जेझुइट शाळेत असता त्यांचे रानावनात भटकण्याचे वेड काही केल्या सुटेना. तेव्हा गुरुजनांनी शाळेतील उंदीर मारण्याचे कामच त्यांच्याकडे सोपविले! आम्हां शिक्षकांनी ही युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 1804 मध्ये ते दक्षिण अमेरिकेतील गियाना प्रांती गेले व तेथील अरण्यांतून अनवाणी हिंडले. तेथे जॉन एडमनस्टोन नामक गुलामास त्यांनी पक्ष्यांची कातडी भरून ठेवण्याची कला शिकविली. पुढे बंधमुक्त झालेल्या त्याच एडमनस्टोन ह्यांनी एडिंबरो येथे तरुण डार्विनला ती दिली.

मायदेशी परतल्यावर 1821 च्या सुमारास वॉटर्टन ह्यांनी आपल्या इस्टेटीभोवती भिंत घालण्यास आरंभ केला. लांबी सुमारे 3 मैल, खर्च सुमारे 9,000 पौंड. काम संपावयास 1826 साल उजाडले. शाळेत दिलेल्या वचनास जागून ते मद्यास कधी शिवले नाहीत, आणि त्यातून वाचलेल्या पैशांतच ही भिंत उभी राहिली असे ते गमतीने सांगत. आत बंदुकीचा बार वर्ज्य होता. घुबडांसाठी दगडी घर आणि साळुंकीच्या जातीच्या पाखरांसाठी मनोरा त्यांनी बांधविला. पाकोळ्यांसाठी तर एका भिंतीत मुद्दाम भोके ठेविली. पाकोळ्या आल्या आणि त्यांत सुखाने नांदल्या.

शेजारच्या साबणाच्या कारखान्याच्या धुराने झाडे वाळू लागली, तेव्हा वॉटर्टन कोर्टात गेले आणि कित्येक वर्षे झगडून त्यांनी तो कारखाना तेथून हलवावयास लाविला. 27 मे 1865 रोजी ते निवर्तले. त्यांच्या मुलाने झाडे तोडविली, शिकाऱ्यांना आत बोलाविले आणि अखेर सारी इस्टेट त्याच कारखानदाराच्या घराण्यास विकली.

पुढे 1968-69 च्या सुमारास आफ्रिकेतील अवर्षणाने ह्या पाकोळ्यांची संख्या एकाएकी घटली. आज इंग्लंडात तळ्याकाठी त्यांच्यासाठी भोकांच्या भिंती बांधतात, त्या ह्याच धर्तीवर.