प्रवासात न सुटलेला नेम

घर, गाव आणि घड्याळ ही तिन्ही जागच्या जागी असतात तोवर व्यायामाचा नेम पाळणे फारसे अवघड नसते. पहाटेची वेळ ठरलेली, अंगण ओळखीचे, फिरावयास जाण्याचा रस्ता पायाखालचा. कसोटी लागते ती प्रवासात. आगगाडीत दोन रात्री काढाव्यात, परक्या गावी उतरावे, यजमानांच्या आग्रहास मान द्यावा, आणि या गडबडीत नेम चार दिवसांपुरता म्हणून बाजूला ठेवावा. पुढे ते चार दिवस चार महिने कसे होतात, हे बदलीच्या नोकरीनिमित्त परमुलखात संसार थाटलेल्या आपल्या मंडळाच्या सभासदांना निराळे सांगावयास नकोच.

या दृष्टीने महात्मा गांधींचे चरित्र पाहिले तर मोठे नवल वाटते. त्यांचे राजकारण, सत्याग्रह आणि उपवास यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु ज्या माणसाचे आयुष्य तीन खंडांत, बोटींवर, आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात आणि तुरुंगांत गेले, त्याने चालण्याचा आपला एक साधा नेम जवळजवळ साठ वर्षे कसा सांभाळला, ही गोष्ट मात्र ओघात सांगून सोडून दिली जाते. ती थोडी सलग पाहण्यासारखी आहे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म पोरबंदर येथे २ ऑक्टोबर १८६९ रोजी झाला. बालपणी त्यांना व्यायामाची मुळीच आवड नव्हती, हे आज कुणास खरेही वाटणार नाही. राजकोटच्या शाळेत दोराबजी एदलजी गिमी या मुख्याध्यापकांनी वरच्या वर्गांना कसरत व क्रिकेट सक्तीचे केले होते. लाजाळू मोहनदासाला त्या गर्दीत मिसळणे नको वाटे. शिवाय शाळा सुटताच आजारी वडिलांच्या सेवेस घरी जाण्याची ओढ असे. एका शनिवारी शाळा सकाळची होती आणि कसरतीसाठी दुपारी चार वाजता पुन्हा जावयाचे होते. घरी घड्याळ नव्हते, आभाळ भरून आलेले. वेळेचा अंदाज चुकला आणि हा मुलगा पोहोचला तेव्हा सारे पांगले होते. खरे कारण सांगूनही ते खोटे ठरले आणि दंड झाला. खोटेपणाचा हा आळ त्यांना दंडापेक्षा अधिक झोंबला. पुढे वडिलांच्या पत्राने कसरतीतून सुटका झाली. परंतु मोकळ्या हवेत दूरवर फिरण्याचे फायदे त्यांनी याच वयात पुस्तकांत वाचले होते. ते मनाला पटले आणि कसरतीच्या जागी चालणे आले. व्यायामाचा शिक्षणाशी संबंध नाही ही आपली त्या वेळची समजूत चुकीची होती, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

सप्टेंबर १८८८ मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले. त्या पहिल्या बोटप्रवासात संकोचाने ते बहुतेक वेळ आपल्या खोलीतच बसून राहत; डेकवर माणसे थोडी असली तरच बाहेर पडत. लंडनमध्ये मात्र भुकेने त्यांना रस्त्यावर आणले. मांसाहार न करण्याचे वचन आईला दिलेले. घरमालकिणीच्या बेचव भाजीने पोट भरेना. तेव्हा शाकाहारी उपाहारगृहाच्या शोधात ते रोज दहाबारा मैल पायपीट करू लागले, आणि अखेरीस फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना तसे एक उपाहारगृह सापडले.

पुढे त्यांनी खर्चाचा हिशेब बारकाईने मांडला, तेव्हा गाडीभाड्यात बरेच पैसे जातात असे आढळले. त्यांनी बिऱ्हाड बदलले, आणि नवी जागा अशी निवडली की कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता यावे. पूर्वी कामासाठी गाडी करावी लागे व फिरण्यासाठी निराळा वेळ काढावा लागे. आता काम, काटकसर व व्यायाम ही तिन्ही एकाच वाटेवर आली. दिवसाकाठी आठदहा मैल चालणे सहज घडू लागले. इंग्लंडमधील वास्तव्यात आपण आजारी पडलो नाही याचे श्रेय ते मुख्यतः या चालण्यासच देत. गांधीजींच्या नेमाचे सारे मर्म या एका लहानशा व्यवस्थेत आहे. व्यायामासाठी निराळा वेळ काढावा लागला की प्रवासात तोच वेळ सर्वांत आधी हरवतो. जो व्यायाम कामाच्याच वाटेत गोवलेला आहे, तो हरवावयाचा कसा?

बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईतही त्यांनी तोच क्रम ठेवला. गिरगावातील बिऱ्हाडापासून हायकोर्टापर्यंत पाऊण तासाची वाट. ते जाताना पायी जात आणि परतही पायीच येत. वकिली चालत नव्हती, पण प्रकृती उत्तम राहिली.

१८९३ साली दक्षिण आफ्रिकेत या नेमाला निराळ्याच संकटाशी गाठ पडली. प्रिटोरियात हिंदी माणसास पदपथावरून चालण्याची मुभा नव्हती आणि रात्री नऊनंतर परवान्यावाचून बाहेर पडता येत नसे. गांधीजी आपले स्नेही कोट्स यांच्याबरोबर रात्री फिरावयास जात. अडचण येऊ नये म्हणून क्राउझे नावाच्या सरकारी वकिलाने त्यांना कोणत्याही वेळी बाहेर पडण्याची मोकळीक देणारे पत्र दिले होते. प्रेसिडेंट स्ट्रीटवरून, अध्यक्ष क्रूगर यांच्या साध्या घरावरून पुढे मोकळ्या मैदानाकडे जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. एके दिवशी तेथील पहारेकऱ्याने एका शब्दाचीही सूचना न देता त्यांना लाथ मारून पदपथावरून रस्त्यात ढकलले. तिकडून जात असलेल्या कोट्स यांनी हा प्रकार पाहिला व साक्ष देण्याची तयारी दाखवली; परंतु वैयक्तिक गाऱ्हाण्यासाठी कोर्टात न जाण्याचा गांधीजींचा निश्चय होता. त्यांनी पहारेकऱ्यास क्षमा केली. मात्र त्या रस्त्याने ते पुन्हा फिरावयास गेले नाहीत. त्यांनी दुसरा रस्ता निवडला. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, रस्ता सुटला, पण फिरणे सुटले नाही.

आफ्रिकेतील पुढच्या वर्षांत हे चालणे अधिकाधिक कसदार होत गेले. १९०६ च्या झुलू बंडाच्या वेळी हिंदी शुश्रूषापथकाबरोबर जखमींच्या डोल्या वाहून नेताना एखाद्या दिवशी चाळीस मैलांपर्यंत मजल पडे. १९१० साली कॅलनबाक यांनी दिलेल्या जमिनीवर टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. तो जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर होता. स्वतःच्या खासगी कामासाठी किंवा सहलीसाठी शहरात जावयाचे तर पायीच जावे, असा तेथील नियम. शिदोरी बरोबर घेऊन मंडळी मध्यरात्रीनंतर दोनअडीचच्या सुमारास निघत आणि सहासात तासांत शहर गाठत. कुणीतरी हे अंतर ४ तास १८ मिनिटांतही तोडल्याची नोंद आहे. स्वतः गांधीजींनी त्या काळात एका दिवसात ५० मैलही चालून दाखवले. नोव्हेंबर १९१३ मध्ये दोन हजारांहून अधिक पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले यांना घेऊन ते ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे निघाले, तेव्हा पायांवरचा हा विश्वास एका माणसाचा न राहता समुदायाचा झाला.

परंतु नेमाच्या या कथेत एक चूकही आहे, आणि ती गाळली तर कथा अपुरी राहील. १९१४ साली फिनिक्स आश्रमात त्यांनी चौदा दिवसांचा उपवास केला. त्यातून अंगात पुरते बळ येण्यापूर्वीच जुलैमध्ये ते कस्तुरबा व कॅलनबाक यांच्यासह बोटीने इंग्लंडला निघाले. खाल्लेले पचावे आणि शक्ती लवकर यावी या समजुतीने त्यांनी डेकवर येरझारा घालण्याचा क्रम चालू ठेवला. पोटऱ्यांत असह्य कळा येऊ लागल्या तरी त्यांनी तो सोडला नाही. लंडनला पोहोचले तेव्हा प्रकृती सुधारण्याऐवजी बिघडलेली होती. तेथे डॉ. जीवराज मेहता यांची गाठ पडली. काही दिवस पूर्ण विश्रांती घेतली नाही तर पाय कायमचे निकामी होतील, असे त्यांनी बजावले. पाठोपाठ फुप्फुसाच्या आवरणास सूज आली आणि ते दुखणे दीर्घकाळ रेंगाळले. लांब उपवासातून उठलेल्या माणसाने गेलेली शक्ती परत मिळवण्याची घाई करू नये, हा धडा ते या प्रवासात शिकले. नेम आणि हट्ट यांत अंतर असते. ते अंतर ओळखण्याची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने मोजली.

यानंतरचे गांधीजी अंतर आणि वेग यांपेक्षा सातत्याकडे अधिक पाहताना दिसतात. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीयात्रा निघाली तेव्हा ते साठी उलटलेले होते. २४१ मैलांचे अंतर २४ दिवसांत कापावयाचे. म्हणजे दिवसाला सरासरी दहा मैल, तेही सकाळ-संध्याकाळ असे वाटून घेतलेले, आणि सोमवारी विसावा. ही आखणी १९१४ च्या डेकवरील येरझारांहून किती निराळी! त्यांच्यासाठी एक घोडा बरोबर ठेवलेला होता. त्याचा उपयोग त्यांनी केला नाही. बरोबरीच्या तरुणांपैकी कित्येकांचे पाय सुजले, पण म्हाताऱ्याची चाल मंदावली नाही. या तुकडीत विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे हे आपले मराठी गायकही होते, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा.

१९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले तेव्हा त्यांनी मोठे हॉटेल न स्वीकारता ईस्ट एंडमधील किंग्जले हॉलमध्ये, म्युरिएल लेस्टर यांच्याकडे मुक्काम केला. परिषदेच्या बैठका, भेटीगाठी, पत्रव्यवहार यांतून झोपावयास मध्यरात्र उलटे. तरी पहाटे चारची प्रार्थना चुकत नसे, आणि उजाडण्यापूर्वीच ते गरिबांच्या वस्तीतून फिरावयास बाहेर पडत. संरक्षणासाठी नेमलेल्या स्कॉटलंड यार्डच्या दोघा अधिकाऱ्यांनाही लंडनच्या गारठ्यात त्यांच्यामागून पाय उचलावे लागत. फिरतानाच ते कामाच्या मंडळींशी बोलत, मुलांशी थट्टा करीत. चाळीस वर्षांपूर्वी भाडे वाचवण्यासाठी याच शहरात चाललेल्या विद्यार्थ्याची युक्ती आता वेळ वाचवण्याच्या उपयोगी पडली. परतीच्या वाटेवर स्वित्झर्लंडमध्ये व्हिल्नव्ह येथे रोमाँ रोलाँ यांच्याकडे उतरले असतानाही सकाळचे फिरणे चालूच होते.

नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून निघालेला हरिजन दौरा सुमारे साडेबारा हजार मैलांचा झाला. आगगाडी व मोटार यांच्या धावपळीत खरे काम होत नाही असे वाटल्यावरून मे १९३४ मध्ये ओरिसात पुरीपासून त्यांनी तो पायी चालवला. ३० एप्रिल १९३६ रोजी सेगाव, म्हणजे पुढचे सेवाग्राम, येथे ते राहावयास गेले तेही वर्ध्याहून चालतच. तेथील रोजच्या फेरीत आजाऱ्यांची विचारपूस होई. कुष्ठरोगाने पीडित असलेले संस्कृतज्ञ परचुरे शास्त्री यांची सेवाही त्यांच्या दिनक्रमात गोवली गेली. ऑगस्ट १९४२ पासून पुण्याच्या आगाखान राजवाड्यात त्यांना स्थानबद्ध केले, तेव्हा वाट कुंपणापुरती उरली. तेथे महादेवभाई आणि नंतर कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाधीवर सकाळ-संध्याकाळ फुले वाहावयास जाणे, हीच मग त्यांच्या फिरण्याची दिशा झाली.

सर्वांत खडतर चालणे मात्र आयुष्याच्या अखेरीस वाट्यास आले. १९४६ च्या दंगलींनी होरपळलेल्या नौखालीत ते सत्त्याहत्तराव्या वर्षी गेले. त्या पाणथळ मुलखात नाले ओलांडावयाचे ते बांबूच्या निसरड्या साकवांवरून. श्रीरामपूरच्या मुक्कामात त्यांनी अशा साकवावरून चालण्याचा रोज सराव केला. मग जानेवारी १९४७ पासून अनवाणी निघून सुमारे सात आठवड्यांत ४७ खेडी आणि ११६ मैल पार केले. वाटेवर कधी कधी मुद्दाम घाण टाकलेली असे. प्रिटोरियात अपमान झाला तेव्हा त्यांनी रस्ता बदलला होता. येथे बदलला नाही. तेथले चालणे प्रकृतीसाठी होते, त्यास दुसरा रस्ता चालण्यासारखा होता. येथे त्या विशिष्ट दारापर्यंत पोहोचणे हेच कार्य होते.

१३ ते १८ जानेवारी १९४८ या काळात दिल्लीत त्यांनी शेवटचा उपवास केला. ३० जानेवारीच्या सकाळी बाहेर फिरावयास जाण्याइतके बळ अंगात आलेले नव्हते. म्हणून त्यांनी बिर्ला भवनातील आपल्या खोलीतच थोडा वेळ फेऱ्या घातल्या. चौतीस वर्षांपूर्वी बोटीवर झालेली चूक त्यांनी पुन्हा केली नाही. नेम लहान केला, पण मोडला नाही. संध्याकाळी सरदार पटेलांशी बोलण्यात प्रार्थनेची वेळ टळली, तेव्हा मनू व आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते हिरवळीवरून झपाझप निघाले. ती वाट पुरी झाली नाही.

महात्म्याचे बाकीचे गुण आपल्या आवाक्यातले नसतील. परंतु या एका नेमाला ना साधन लागते, ना आखाडा, ना ओळखीचे गाव. परक्या शहरात पहिल्या दिवशी बिऱ्हाड शोधताना कचेरीचे अंतर पायांनी मोजावे. गाडी फलाटावर यावयास अवकाश असेल तर बाकावर न बसता चार फेऱ्या घालाव्यात. थकल्या दिवशी अंतर कमी करावे, पण शून्य करू नये. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, तेही असेच दूरवरून आलेले आणि पुन्हा कोठे बदलून जाणार हे ठाऊक असलेले लोक होते. गाव बदलले तरी नेम बरोबर नेता येतो, या भरवशावरच तर हे मंडळ पन्नास वर्षे चालत आले आहे.