मलिक अंबर : मालक बदलत गेले, हुनर सोबत राहिला

जून २०२५ मध्ये शनिशिंगणापूरच्या देवस्थान ट्रस्टने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. त्यांपैकी ११४ जण मुस्लिम होते. ट्रस्टने कारण सांगितले ते गैरहजेरीचे आणि बेशिस्तीचे. त्याआधी मुस्लिम कर्मचाऱ्यांना काढा, नाहीतर मोर्चा काढू, असा इशारा काही हिंदुत्ववादी संघटनांनी दिला होता. वाद आपल्या जागी. पण ज्या घरांचा पगार थांबला, त्या घरांतला प्रश्न साधा आहे : आता काम कुठे बघायचे? शिंगणापूर-सोनई पट्ट्यात शेती, साखर कारखाना आणि भाविकांवर चालणारी दुकाने सोडली, तर नोकऱ्या आहेत तरी किती?

अशा वेळी आपल्याच नगर जिल्ह्याच्या इतिहासातला एक माणूस आठवतो. ज्याच्याकडे घर नव्हते, नातेवाईक नव्हते, शिफारस करणारे कोणी नव्हते, आणि तरुणपणी स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता. त्यांचे नाव मलिक अंबर. शाळेच्या पुस्तकात त्यांना दोन-चार ओळी मिळतात. त्यांच्या लढाया आपल्याला थोड्याफार माहीत असतात, पण त्यांनी काम कसे मिळवले, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही ते सांगणार आहोत.

बाजारात विकला गेलेला मुलगा

सुमारे १५४८ साली हबशांच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात, त्यांचा जन्म झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात करत बगदादला पोहोचले. तिथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने मुलाची हुशारी ओळखली. त्याला तालीम दिली. मुलाने इस्लाम स्वीकारला आणि त्याला अंबर हे नाव मिळाले.

सुमारे १५७० नंतर अंबर दख्खनमध्ये आले. अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी होते आणि कधीकाळी गुलामच होते. त्यांच्या पदरी असे सुमारे हजार हबशी होते. त्यांच्या हाताखाली अंबर यांनी फौज कशी चालते, दरबारात काय बोलावे आणि काय बोलू नये, राज्याचा पैसा कुठून येतो नि कुठे जातो, हे सगळे पाहिले. चंगेजखान उस्ताद ठरले. ही चार-पाच वर्षे म्हणजे अंबर यांची खरी शाळा.

आझाद, पण बेरोजगार

१५७४-७५ च्या सुमारास चंगेजखान वारले. त्यांच्या पत्नीने अंबर यांना मुक्त केले. ऐकायला छान वाटते, पण मुक्त झाले म्हणजे जेवणही आपले आपणच कमवायचे. मालक गेला, आसरा गेला. वय पंचविशीच्या पुढे, देश परका.

पुढची जवळपास वीस वर्षे इतिहासात त्यांचा गाजावाजा नाही. ज्याला शिपाई हवा, त्याच्याकडे चाकरी करायची, असे ते दिवस. ते विजापूरच्या आदिलशाहीत गेले. तिथे कामाची कदर झाली, मलिक हा किताबही तिथलाच. हळूहळू त्यांनी स्वतःची छोटी तुकडी उभी केली. पण विजापुरात ती सांभाळण्यापुरता पैसा मिळेना. किताब होता, मान होता, पण माणसांचा पगार निघत नव्हता. शेवटी १५९५ च्या सुमारास त्यांनी ती चाकरी सोडली आणि आपले सुमारे दीडशे स्वार घेऊन पुन्हा नगरची वाट धरली.

तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. या वयात आपल्याकडे माणूस म्हणतो, आता काय नवीन करायचे! मलिक अंबर यांच्या आयुष्यातले खरे काम मात्र इथून पुढे सुरू झाले.

जमेल ते काम, गरज असेल तिथे

नगरला तेव्हा मुघलांचा वेढा पडणार होता. चांदबिबींनी किल्ला लढवला, पण १६०० साली तो मुघलांच्या हाती गेला. राजधानी गेली, सरदार पांगले. अंबर यांना डोंगर, घाट, वाटा माहीत होत्या. मोठ्या फौजेला समोरासमोर न भिडता तिची रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि निसटायचे, हे तंत्र त्यांना आणि त्यांच्या मराठा स्वारांना साधत होते. नगरच्या मुलखाला नेमकी त्याचीच गरज होती. त्यांच्याकडे माणसे येऊ लागली. दीडशेचे काही हजार झाले.

त्यांनी निजामशाही घराण्यातल्या दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला परांड्याला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. पुढची पंचवीस वर्षे अकबर आणि जहांगीर यांच्या फौजांना त्यांनी दख्खन सुखाने गिळू दिले नाही.

१६१० मध्ये त्यांनी खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी आजही लोक पाहायला जातात. जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत घातली, त्यामुळे रयतेला दिलासा मिळाला.

काम देणारे मलिक अंबर

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. स्वतः काम शोधत फिरलेला हा माणूस काम देणारा झाला, तेव्हा त्याने माणसाची जात-जमात पाहिली नाही. फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठे होते. मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले याच निजामशाहीत वाढले. महसुलाच्या दप्तरात ब्राह्मण कारकून होते.

१६२४ साली नगरजवळच्या भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकदम चालून आल्या. अंबर यांनी तलाव फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, रात्रीच्या छाप्यांनी त्याला हैराण केले आणि लढाई जिंकली. या लढाईत शहाजीराजे लढले, त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. शरीफजी हे नावही एका मुस्लिम वलीच्या नावावरून ठेवलेले, असे परंपरा सांगते.

१६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, मलिक अंबर यांचा इंतकाल झाला. खुलताबादला त्यांची मजार आहे. दहा वर्षांत निजामशाहीही संपली.

आपल्या मुलांसाठी

मलिक अंबर यांच्या कहाणीचा अर्थ हिंमत ठेवा, सगळे होईल, एवढाच काढला तर तो अर्धा ठरेल. हिंमत त्यांच्याकडे होतीच. पण बगदादला शिकवणारा भेटला, नगरला उस्ताद भेटला, आणि गरज पडली तेव्हा दख्खनने त्यांचा रंग वा मुलूख न विचारता त्यांना उभे राहू दिले. मेहनत माणसाची असते, पण दार कोणीतरी उघडावे लागते. शिंगणापूर तर बिनदरवाजाच्या घरांचे गाव म्हणून जगभर ओळखले जाते.

म्हणून मुलांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. हातात असे काही शिकून ठेवा, जे नोकरी गेली तरी तुमच्यासोबत येईल : वायरिंग असो, हिशेब असो, शिवण असो की नर्सिंग. आणि नुसत्या मानावर घर चालत नसेल, तर दुसरी वाट धरायला लाजू नका.

मोठ्यांना एकच सांगणे : तुमचे दुकान, वर्कशॉप, दवाखाना असेल, तर या वर्षी एका तरी होतकरू मुलाला, तो कोणाचाही असो, हाताखाली घ्या. अंबर यांना चंगेजखान भेटले, म्हणून दख्खनला मलिक अंबर मिळाले.