लोकमान्यांची विसरलेली शिक्षा

वऱ्हाडातील डोणगावची शाळा असो की पुण्याची, १ ऑगस्टला शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली जाते. न केलेल्या अपराधाची शिक्षा घेण्यास नकार देणारा मुलगा विद्यार्थ्यांना आवडतो. त्यानंतर भाषण थेट मंडालेस पोहोचते. त्या मुलाला पुढे खरोखरीच न केलेल्या अपराधाची शिक्षा झाली, हातात बेड्या पडल्या आणि वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, हा भाग बहुधा वगळला जातो. राजद्रोहाची शिक्षा देशभक्ताला भूषणावह वाटते; खोटी साक्ष दिल्याचा डाग भूषणावह नसतो. म्हणूनच टिळकांच्या आयुष्यातील ताईमहाराज प्रकरण अधिक विचार करण्याजोगे आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी वकिलीऐवजी शाळा आणि वर्तमानपत्र पत्करले. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या बदनामीबद्दल आगरकरांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८९७ च्या जुलैअखेर राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. ते जामिनावर सुटून आले, तोच त्यांचे स्नेही, पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित मृत्युशय्येवर होते. आपल्या इस्टेटीची व्यवस्था टिळकांनी पाहावी, अशी त्यांची इच्छा होती. ७ ऑगस्ट १८९७ रोजी बाबामहाराज वारले आणि स्वतःच्या डोक्यावर खटल्याची तलवार लटकत असताना टिळकांनी मृत्युपत्राचे विश्वस्तपण स्वीकारले. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणवले नाही, एवढाच काय तो अपराध.

इस्टेट कर्जात होती. बाबामहाराजांच्या मागे जन्मलेला मुलगा काही आठवड्यांतच दगावला. तेव्हा तरुण विधवा ताईमहाराज यांच्यासाठी दत्तक पाहणे आले. पंडित घराण्याची एक शाखा निजामाच्या मुलखात, औरंगाबादच्या बाजूस होती. डोणगावाहून मेहकर, सिंदखेडराजा, जालना करीत गेले की लागणारे हे शहर, आजचे छत्रपती संभाजीनगर. १९०१ च्या जूनमध्ये टिळक ताईमहाराजांसह तेथे गेले. त्यांच्यासमवेत अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे हेही होते, तेही विश्वस्तांपैकीच. २८ जून रोजी जगन्नाथ या लहान मुलाचे दत्तविधान झाले. पुण्यास परतल्यावर मात्र ताईमहाराजांचे मन पालटले. औरंगाबादेत दत्तविधान झालेच नाही, अशी त्यांची भूमिका झाली आणि त्यांनी कोल्हापूरकडील बाळामहाराज यांस दत्तक घेतले. कोल्हापूर दरबाराचा कल त्याच बाजूस होता. ताईमहाराजांना सरसकट खलनायिका ठरवणे मात्र न्याय्य नाही. वाड्यातील कारभारी, दरबार आणि विश्वस्त यांच्या ओढाताणीत सापडलेल्या त्या तरुणीला आपला मुलगा आपण निवडावा असे वाटले, तर ते अस्वाभाविक नव्हते. खटल्याचा निकाल पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. १९०३ मध्येच त्या वारल्या.

विश्वस्तांचे प्रोबेट रद्द करावे, असा अर्ज पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढे आला. प्रश्न दिवाणी होता. ॲस्टन यांनी टिळकांची दीर्घ उलटतपासणी चालू दिली, ३ एप्रिल १९०२ रोजी प्रोबेट रद्द केले आणि तेवढ्यावर न थांबता खोटी साक्ष, बनावट पुरावा असे अनेक आरोप ठेवून टिळकांना फौजदारी न्यायालयाकडे पाठवले. अन्यायाचे मूळ या पायरीवर आहे. दत्तविधान झाले की नाही, याचा दिवाणी निर्णय अद्याप व्हायचा होता. तो होण्यापूर्वीच, ते झाले असे शपथेवर सांगणारा गुन्हेगार म्हणून उभा करण्यात आला. फौजदारी कामात गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकारवर असतो. येथे आपण खरे बोललो हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला. आरोपी सरकारच्या डोळ्यांत सलणारा नसता, तर एका सरदारवाड्यातील दत्तकाच्या भांडणात सरकारने इतका रस घेतला असता काय?

खास मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांच्यापुढे वर्षाहून अधिक काळ काम चालले. २४ ऑगस्ट १९०३ रोजी १८ महिने सक्तमजुरी आणि १००० रुपये दंड अशी शिक्षा झाली. अपिलात सेशन्स न्यायाधीश लुकस यांनी ४ जानेवारी १९०४ रोजी मुदत सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. टिळकांना बेड्या घालून तुरुंगात नेण्यात आले. काही दिवसांत जामीन मिळाला आणि ४ मार्च १९०४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स व न्यायमूर्ती बॅटी यांनी दोष आणि शिक्षा दोन्ही रद्द केली. उरलेले आरोप सरकारने काढून घेतले. इंग्रजी अमलातही असा न्यायाधीश लाभू शकत होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. पण जो सामान्य कारकून किंवा शेतकरी याच आरोपाखाली उभा राहतो, त्याच्याजवळ कायद्याचे ज्ञान, खापर्ड्यांसारखे वकील मित्र आणि अपिलांचा खर्च सोसणारे पाठीराखे कोठून असणार? त्याची कहाणी क्लेमंट्सच्या निकालाशीच संपते. त्याला जेन्किन्स भेटतच नाही.

टिळकांचीही सुटका पुरी झाली नव्हती. दिवाणी दाव्यात १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने जगन्नाथाचे दत्तविधान ग्राह्य धरले. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने ते उलटवले आणि टिळक, खापर्डे व त्यांच्या सोबत्यांच्या साक्षींवर पुन्हा खोटेपणाची छाया टाकली. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला, औरंगाबादचे दत्तविधान मान्य केले आणि प्रतिष्ठित साक्षीदारांना असे एकत्र खोटे ठरवण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. साक्ष खरी होती, हे साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाकडून वदवून घेण्यास जवळजवळ चौदा वर्षे लागली.

तरीही डाग पुसला गेला नाही. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने आपल्या ग्रंथात टिळकांवर जे आक्षेप घेतले, त्यांत ताईमहाराज प्रकरणही होते. टिळकांनी लंडनमध्ये बदनामीची फिर्याद केली. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल हाती असतानाही १९१९ च्या फेब्रुवारीत तेथील ज्युरीने कौल चिरोलच्या बाजूने दिला आणि खर्चाचा प्रचंड बोजा टिळकांवर पडला.

मृत मित्राला दिलेला शब्द त्यांनी तरीही सोडला नाही. १९२० च्या जुलैमध्ये प्रकृती खालावलेली असताना ते मुंबईस गेले, ते या प्रकरणातील न्यायालयीन कामासाठीच. मुक्काम सरदारगृहात होता. तेथेच त्यांना ताप भरला आणि १ ऑगस्टच्या पहाटेपूर्वी त्यांचे निधन झाले.